टेकूकाका

आमच्या गिरगावातल्या चाळीत नवा पाहुणा आला की तो आधी टेकूवर आपटतो आणि मग टेकूकाकांच्या तावडीत सापडतो. पहिल्या अपघातातून माणूस पाच मिनिटांत सावरतो.

जिन्याच्या तोंडाशी उभा असलेला हा लोखंडी टेकू अकरा वर्षांपूर्वी 'तात्पुरता' म्हणून लागला. आता त्याच्या एका अंगाला कपड्यांची दोरी आहे, दुसऱ्या अंगाला गणपतीतल्या माळांची वायर आहे, आणि पोरांच्या क्रिकेटमध्ये तो बोलरच्या बाजूचा स्टंप आहे. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घालायची प्रथा काकांनी पाडली. "अरे, स्कूटरची पूजा करता, मिक्सरची करता. दोन मजले डोक्यावर घेऊन उभा आहे त्याची नको?" तेव्हापासून काकांचं मूळ नाव फक्त रेशनकार्डावर उरलं.

एका कचेरीच्या नकाशा विभागात छत्तीस वर्षं ट्रेसिंग करून काका निवृत्त झाले. लेंगा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि शर्टाच्या खिशात तीन वस्तू: मोजपट्टी, बारका टॉर्च आणि काकूंच्या शिवणाच्या डब्यातून कायमचा उसना घेतलेला दाभण. चांगल्या सागात दाभण शिरत नाही, वाळवीनं खाल्लेल्या लाकडात लोण्यात शिरावा तसा शिरतो. काका कुणाच्याही घरी गेले की खुर्चीवर बसत नाहीत. आधी बोटाचं पेर वाकवून भिंत ठोकतात, मग कान लावून ऐकतात. यजमान चहाचा कप हातात धरून उभाच.

पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा काका पोटमाळ्याच्या शिडीवर होते. परतीच्या वाटेवर काकूंनी विचारलं, "कशी वाटली?"

"कडीपाट उत्तम. मोरीकडची तुळई मात्र खचायला आली आहे."

लग्न झालं. तुळई पुढच्याच पावसाळ्यात बसली. संसार उत्तम चालला आहे याचं काकांना कौतुक नाही. तुळई आपण सांगितली तशीच बसली, याचं आहे.

काका मुंबईला शहर मानत नाहीत. त्यांच्या लेखी ही सात बेटं आहेत आणि मधली भरणी हा एक तात्पुरता कार्यक्रम आहे. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. कुणी नुसतं "दादरला राहतो" म्हटलं तर काका ताबडतोब त्याचं बेट काढून देतात. टॅक्सी पायधुणीवरून निघाली की ड्रायव्हरला सांगतात, "जरा हळू. इथं खाडी ओलांडून आलेली माणसं पाय धुवायची." ड्रायव्हर खरोखरच हळू करतो, कारण पुढे ट्रॅफिक असतो. वरळी आणि महालक्ष्मीच्या मधली खिंड हॉर्नबी गव्हर्नराच्या काळात, १७८०च्या दशकात बांध घालून बुजवली. माहीमहून वांद्र्याला जाणारा कॉजवे अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या १ लाख ५७ हजार रुपयांतून बांधला गेला आणि १८४५ साली खुला झाला. हे सगळं काका घरातल्या उधारीसारखं तोंडपाठ सांगतात.

माहीमच्या पलीकडे त्यांच्या दृष्टीनं परमुलूख. बोरिवलीचे व्याही पहिल्यांदा घरी आले तेव्हा काका त्यांना हसत हसत म्हणाले, "तुम्ही साष्टीकर. १७३७ पासून १७७४ पर्यंत मराठ्यांच्या राज्यात होतात. आम्ही त्या वेळी कंपनी सरकारात. सोयरीक म्हणजे परराष्ट्र धोरणच की!" व्याही अजून काकांशी जरा जपूनच बोलतात.

काकांचा खरा सण मात्र पावसाळा. हिंदमाताला पाणी तुंबलं की ते गॅलरीत येऊन शांतपणे जाहीर करतात, "पाण्याला जुना नकाशा पाठ आहे." २६ जुलै २००५ हा तर त्यांच्या सिद्धान्ताचा विजयदिन. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. "एक शहर असतं तर असं झालं असतं?" काकांनी विचारलं. त्यांचा स्वतःचा मुलगा त्या वेळी कुर्ल्याला छातीभर पाण्यात होता. तो रात्रभर चालत पहाटे घरी पोचला, तेव्हा काकांनी आधी त्याला जवळ घेतलं, टॉवेल दिला, आणि मग विचारलं, "शीवपाशी कोरडं लागलं ना?"

भाड्याचा विषय निघाला की काका थेट १६६१ला जातात. पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नाच्या करारात इंग्लंडच्या राजाला मुंबई आंदण मिळाली. १६६८ साली त्यानं ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंडांवर देऊन टाकली. "म्हणजे बघ," काका म्हणतात, "भाडं इतकं कमी की भाडेकरूनं जागा सोडलीच नाही. आपली पागडीची परंपरा ही अशी राजघराण्यातली आहे." १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानं आमची भाडी जिथल्या तिथं थिजली, तो काकांच्या मते त्याच परंपरेचा पुढचा अध्याय. आमचं महिन्याचं भाडं एका वडापावाच्या प्लेटीएवढं आहे आणि मालक चाळीच्या डागडुजीला हात का लावत नाही, याचं उत्तरही त्याच प्लेटीत आहे, एवढं काका प्रामाणिकपणे कबूल करतात.

काकांचा हा प्रामाणिकपणा कधीकधी आमच्याच अंगावर येतो. छपरावरचं एक फुटकं मंगलोरी कौल खाली पडलं, त्यावर 'बासेल मिशन' आणि '१८६५' असे ठसे निघाले. चाळीत आनंदीआनंद. दीडशे वर्षांहून जुनी चाळ म्हणून गणपतीत बॅनर लावायचं ठरलं. काका आले, कौल हातात घेतलं आणि म्हणाले, "हे कारखाना निघाल्याचं साल. पुढं वर्षानुवर्षं कौलांवर हेच छापत होते. चाळ आपली १९०८ची." बॅनरचे पैसे वाया गेले. हळहळ ओसरावी म्हणून काकांनी आम्हाला तळमजल्यावरच्या किराणा दुकानात नेलं आणि गुळाच्या ढेपेमागच्या गर्डरवर टॉर्च मारला. रंगाच्या पाच थरांखाली इंग्रजी अक्षरं उठून दिसली: 'डॉरमन लाँग'. "सिडनी बंदरावरचा पूल याच कंपनीनं बांधला, १९३२ साली. आपल्याकडं तिचं काम त्याआधीचं." किराणावाल्यानं त्या दिवसापासून गर्डरवर तेलाचे डबे टांगायचं बंद केलं.

रविवारी काका चाळीतल्या रिकामटेकड्यांना घेऊन फिरायला निघतात. कधी पलीकडच्या गल्लीत खोताच्या वाडीत, कधी माझगावच्या म्हातारपाखाडीत. ईस्ट इंडियन कुटुंबांची लाकडी घरं, कोरीव कठड्यांचे व्हरांडे, उतरती कौलं आणि बाहेरून वर गेलेले जिने. "जिना बाहेर का?" काका विचारतात आणि कुणी बोलायच्या आत स्वतःच सांगतात, "आत घेतला तर एक खोली जाते. आणि वरचा भाऊ खालच्या भावाशी बोलत नसला तरी घरी जाऊ शकतो." म्हातारपाखाडीत ते हमखास थांबून टोपी काढतात. टिळकांचे सहकारी आणि १९२५ साली मुंबईचे महापौर झालेले काका बॅप्टिस्टा इथले. "बेटावरचे खरे काका ते. आपण नुसते टेकू."

चाळ हाही काकांच्या लेखी वाड्याइतकाच इमारतीचा एक अस्सल प्रकार. गिरण्यांनी माणसं ओढली, माणसांना दहा बाय बाराच्या खोल्या मिळाल्या, आणि सगळ्यांना मिळून एक गॅलरी मिळाली. खोलीत मावत नव्हतं ते सगळं आयुष्य गॅलरीत आलं: अभ्यास, भांडण, पापड, लग्नाची बोलणी. दारावरच्या झरोक्यातून गरम हवा बाहेर जाते, गॅलरीमुळं पाऊस भिंतीपर्यंत पोचत नाही. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून गणपती बसतो. काका म्हणतात, "मंडपाला चौक होता आणि श्रोत्यांना गॅलऱ्या होत्या. सार्वजनिक उत्सवाला तयार नाट्यगृह मिळालं. टॉवरमध्ये चोविसाव्या मजल्यावरून कुणी आरती ऐकेल का?"

त्यांचं जन्माचं वैर दोन गोष्टींशी: सिमेंट आणि मोरी. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या. चुन्यातून ओल आत येते तशी बाहेरही जाते. त्यावर कंत्राटदार सिमेंटचा गिलावा मारतो. "भिंतीला रेनकोट घातलात," काका परातीसमोर आडवे उभे राहून ओरडतात, "आता ती आतल्या आत घामानं कुजणार!" आणि मोरी तर साक्षात पूतना. जो तो खोलीतली मोरी फोडून टाईल्सचं बाथरूम करतो, पाणी झिरपतं, भिंतीत रुतलेली तुळयांची टोकं सडतात. "चाळ पावसानं पडत नाही, मोरीनं पडते," हे काकांचं वचन आम्ही सगळे मान खाली घालून ऐकतो, कारण आमच्या सगळ्यांच्या खोलीत टाईल्सचं बाथरूम आहे.

मध्यंतरी वास्तुकलेची काही मुलं कॅमेरे घेऊन आली. काका पंचविशीत गेले. कठड्याच्या कातकामापासून खांबाच्या कोपऱ्यातल्या ब्रॅकेटपर्यंत दोन तास चालले. "इथं राहायला काय भारी वाटत असेल ना!" एक मुलगी म्हणाली. मग तिनं वॉशरूम कुठं आहे विचारलं. काकूंनी गॅलरीच्या टोकाकडं बोट दाखवलं आणि बादली दिली. मुलगी गेली, परत आली, आणि मंडळी पुढच्या दहा मिनिटांत निघाली. काकू तेवढंच म्हणाल्या, "यांचा इतिहास मला रात्री दोन वाजता गुडघे धरून चालत जावा लागतो."

म्हणूनच पुनर्विकासाची संमतीपत्रं आली तेव्हा पहिली सही काकांची होती. सगळ्यांना वाटलं होतं, काका टेकूला मिठी मारून बसतील. त्यांनी पत्त्यापुढं 'मुंबई बेट' एवढं जास्तीचं लिहिलं आणि पेन काकूंकडं दिलं.

मग चौकात बिल्डरच्या माणसाची सभा झाली. ३०० चौरस फूट, लिफ्ट, आतच संडास. काका उठले आणि १६६१ पासून सुरू झाले. रिवाजाप्रमाणं मागच्या रांगा पेंगू लागल्या. कंपनी आली, गिरण्या आल्या, प्लेग आला. बिल्डरचा माणूस घड्याळ बघत म्हणाला, "काका, इतिहास ठीक आहे. पण इमारत पाडायचा खर्चसुद्धा आम्हीच सोसतोय."

काका थांबले. मोजपट्टी काढली आणि जवळच्या खांबाला लावली.

"बर्माटीक. आठ बाय आठ इंच, उंची अकरा फूट. एका खांबात पावणेपाच घनफुटांच्या वर लाकूड. असे चौसष्ट खांब. म्हणजे नुसत्या खांबांचं ३१३ घनफूट. तुळया, वासे, पाट, कठडे वेगळे. तेव्हा पाडायचा खर्च जाऊ दे. लाकूड कुणाचं?"

मागच्या रांगा खडबडून जाग्या झाल्या. जन्मात पहिल्यांदा काकांचं वाक्य संपेपर्यंत कुणी जांभई दिली नाही. लाकूड मालकाचं, भाडेकरूंचं की बिल्डरचं, यावर रात्री साडेअकरापर्यंत वाद झाला आणि सभा मोडली.

दुसऱ्या दिवशी मालकाचा मुनीम आला. वीस वर्षांत त्यानं चाळीत पाऊल टाकलं नव्हतं. खडू घेऊन तो खांबांवर आकडे घालत सुटला. शिवाय काकांसारखंच बोटाचं पेर वाकवून प्रत्येक खांब ठोकत होता. काका दारात उभे राहून बघत होते. "ठोकतोय," ते मला हळूच म्हणाले, "पण ऐकत नाही."

तेव्हापासून काकांच्या दारात रांग असते. "काका, आमच्या खोलीत किती घनफूट?" काकांनी नियम केला आहे: आधी इतिहास, मग घनफूट. त्यामुळं सध्या दुसऱ्या मजल्यावरच्या दूधवाल्यालासुद्धा सातही बेटं क्रमानं येतात.

बिल्डरचा मात्र सभेनंतर पत्ता नाही. टेकू जागच्या जागी आहे.

मुनीम दोनदा परत आला. तिन्ही वेळा त्याचे खांब त्रेसष्टच भरले. शेवटी तो काकांकडं आला. "काका, सभेत तुम्ही चौसष्ट म्हणाला होतात."

"चौसष्टच आहेत. ठोकून बघा."

त्यानं पुन्हा सगळी चाळ ठोकली आणि कपाळ पुसत निघून गेला. काका आपल्या खोलीत नेहमीच्या जागी भिंतीला पाठ लावून बसले होते. पाठीमागं हात नेऊन त्यांनी गिलाव्यावर दोनदा पेर आपटलं. विटेचा ठक आवाज नाही आला; खोल, भरीव, सागाचा आला.

"कुणी तरी केव्हा तरी पार्टिशन घालताना भिंतीत घेतला," काका म्हणाले. "तू बोलू नकोस."