आजोबांनी बांधलेली खार

बोटीवर राहणाऱ्या माणसाने शहर बघायला निघताना घाई करू नये. घाई हॉटेलात उतरलेल्यांनी करावी. त्यांना अकराला खोली सोडायची असते. आम्ही पडलो दर्यावर्दी. निदान अमेरिकेतल्या चार्ल्स्टनच्या धक्क्यावरून गावाकडच्या ग्रुपवर फोटो टाकताना मी तसंच लिहिलं होतं. बोट पुतण्याची, सुकाणू पुतणसुनेच्या हातात, शीड कधी चढवायचं आणि कधी उतरवायचं ते त्या दोघांनाच कळतं. माझ्याकडे दोर गुंडाळायचं खातं आहे आणि मी गुंडाळलेला दोर पुतण्या नंतर हळूच पुन्हा गुंडाळतो. या तपशिलाला फोटोत जागा नव्हती. डोक्यावरची कॅप्टनची पांढरी टोपी मात्र झकास आली होती.

मी अलिबागकडचा. ओहोटी लागली की कुलाबा किल्ल्यात चालत जाणारी माणसं आम्ही. भरती-ओहोटी मला कोणी शिकवायची नाही, असं मी बोटीवर पाऊल ठेवताच जाहीर करून टाकलं होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. त्या दिवशी षष्ठी होती. म्हणजे भरती साडेचारला. पुतण्याने काही न बोलता फोनमधला तक्ता माझ्यापुढे धरला. चार्ल्स्टनच्या समुद्राला अजून आपलं पंचांग पोचलेलं नाही, एवढंच मी म्हणालो.

सकाळी निघालो तेव्हा पाणी पार उतरलेलं होतं. इथे ते पाच-साडेपाच फूट खालीवर होतं. तरंगता धक्का बोटीसकट खाली जातो आणि किनाऱ्याला जोडणारा पूल भरतीला सपाट, ओहोटीला चांगला चढ होऊन बसतो. मी टोपी सांभाळत चढलो. खाली काळा चिखल उघडा पडला होता आणि त्याला गवत कुजल्याचा, नासक्या अंड्यासारखा वास येत होता. या वासाचं इथल्या लोकांना म्हणे भारी कौतुक. परगावी गेलं की याचीच आठवण येते त्यांना. बायकोने एक दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, "अगदी रेवदंड्याची खाडी!" परदेशात आल्यापासून तिने काही मोकळेपणाने वाखाणलं असेल तर ते हे.

हे शहर अ‍ॅशली आणि कूपर या दोन नद्यांच्या बेचक्यात आहे. या दोन नद्या एकत्र येतात आणि त्यांच्यापासून अटलांटिक महासागर तयार होतो, असं इथले लोक पाहुण्यांना सांगतात. त्यातही गंमत अशी की अँथनी अ‍ॅशली कूपर या एकाच उमरावाच्या नावाचे दोन तुकडे करून ते दोन नद्यांना वाटले आहेत. इतकी ऐट असलेल्या गावाशी माझं तत्काळ जमलं.

घोडागाडीतून फेरी मारायची ठरली. कुठल्या गाडीने कुठल्या गल्ल्यांतून जायचं हे इथे सोडतीने ठरतं, त्यामुळे 'आम्हाला ती रंगीत घरं दाखवा' असा हट्ट चालत नाही. आमच्या नशिबात जुन्या हवेल्यांचा भाग आला. इथली जुनी घरं रस्त्याला काटकोनात, अंग चोरून उभी असतात. रुंदी एका खोलीची आणि बाजूने लांबलचक सोपा. रस्त्यावरचं देखणं दार उघडलं की आपण घरात न जाता त्या सोप्यात जातो. "म्हणजे दार उघडून परत बाहेरच?" बायकोने विचारलं. भिंतींवर लोखंडी चकत्या दिसतात. 31 ऑगस्ट 1886 च्या भूकंपानंतर घरं आरपार सळया घालून आवळली, त्या सळयांची ही टोकं. आमच्या वाटाड्याला प्रत्येक घराची कुंडली तोंडपाठ होती. कोणाचं घर, सासरा कोण, झुंबर कुठून आणलं, सगळं. मग हवेल्यांकडे हात करून तो म्हणाला, हे सगळं तांदळावर उभं राहिलंय. इथल्या जमीनदारांनी दलदल हटवून तिथे तांदूळ पिकवला.

तांदूळ म्हटल्यावर मी गाडीत सरसावून बसलो. बायकोने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. घोडागाडीला खिडकी नव्हती, तरी.

कारण आमच्या आजोबांनीही हेच केलं होतं! खारेपाटात आमची खार आहे. खार म्हणजे काय ते मी गाडीतल्या सगळ्यांना, इंग्रजीत, हातवारे करून सांगितलं. आधी समुद्राला आडवा मातीचा बांध घालायचा. मग पावसाळे जाऊ द्यायचे, म्हणजे पाऊस आतल्या जमिनीचं मीठ धुऊन काढतो. मग त्यात भात. बांधात एक उघाडी ठेवायची. ओहोटीला तिचं दार उघडतं, साचलेलं पावसाचं पाणी निघून जातं. भरती आली की समुद्राच्याच दाबाने दार मिटतं. ना यंत्र, ना डिझेल. फक्त डोळ्यांत तेल घालून बांध राखावा लागतो. खेकड्याने एक बीळ केलं आणि उधाणाच्या रात्री तिथून पाणी झिरपायला लागलं, की सकाळी बांधाला खांड पडलेली असते आणि पीक गेलेलं असतं. त्यातून जो तांबडा, जाड तांदूळ येतो त्याची पेज, सोबत सुक्या जवळ्याची चटणी... इथे समोरच्या बाकावरच्या बाईंनी विनम्रपणे हसून कॅमेरा काढला. मी पेज आवरती घेतली.

पुतणसुनेने या शहरावर बरंच वाचलेलं आहे. ती म्हणाली, "काका, इथलं थोडं उलटं होतं. तुम्ही भरती बाहेर ठेवता, हे ती आत घ्यायचे." समुद्राची भरती नदीत शिरली की वरच्या अंगाचं गोडं पाणी फुगतं. ते नेमकं हेरून बांधातली लाकडी दारं उघडायची, शेत भरून घ्यायचं, तण बुडवून मारायचं आणि ओहोटीला पाणी सोडून द्यायचं. चार बोटं खाली दार लावलं आणि खारं पाणी आत आलं की शेत मेलं. हे ज्ञान इंग्लंडहून आलेल्या जमीनदाराकडे असायचं कारण नव्हतं. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सेनेगल-गँबियापासून सिएरा लिओनपर्यंत, माणसं पिढ्यान्‌पिढ्या भात लावत होती. त्यांना पकडून इथे आणलं, विकलं आणि कंबरभर चिखलात, सापांत आणि मलेरियात उभं केलं. मैलच्या मैल बांध त्यांनी हाताने घातले.

"आणि तुमच्या आजोबांनी," तिने अगदी निरागसपणे विचारलं, "स्वतः किती पाट्या चिखल टाकला?"

घोड्याने नेमका तेव्हाच थांबायचा निर्णय घेतला.

आमचे आजोबा खोत होते. दिवाणखान्यात त्यांचा पगडीतला फोटो आहे. पाटी उचललेल्या हाताची बोटं तशी दिसत नाहीत. 'आजोबांनी खार बांधली' हे वाक्य आमच्या घरात लग्नाच्या बोलणीपासून तेराव्याच्या जेवणापर्यंत कुठेही चालतं, आणि इतकी वर्षं ते मला कधी अडलं नाही. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर चरी. तिथल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून 1933 मध्ये खोतांच्या जमिनी कसायचंच थांबवलं. संप 1939 पर्यंत चालला. उपाशी राहिले, लाकूडफाटा विकला, पण नांगर धरला नाही. हा संप आमच्या घरात 'तेव्हा जरा ओढाताण झाली' एवढ्याच शब्दांत उरला आहे. आमच्या कुळांना निदान 'कसत नाही जा' म्हणता आलं. इथल्या माणसांना तेही म्हणता येत नव्हतं. म्हणणाऱ्याची पाठ फोडत. मला राग आला तो वाटाड्याचा. झुंबराचं गाव माहीत असलेल्या माणसाला बांध घालणाऱ्यांचं एक नाव सांगता येऊ नये? राग बराच वेळ टिकला, कारण तो वाटाड्यापाशी थांबायला तयार नव्हता.

बाजारात एक वयस्क बाई टोपल्या विणत बसल्या होत्या. हातात चमच्याचा घासून टोकदार केलेला दांडा. गवताच्या जुडीचा वेढा द्यायचा, खालच्या वेढ्यात दांड्याने भोक पाडायचं, त्यातून ताडाच्या पातीची चिरफळी ओवून करकचून ओढायची. मागे भिंतीला एक मोठी, पसरट, उथळ टोपली टांगली होती. बायकोने ती बघताच दोन्ही हातांनी हवेत पाखडून दाखवलं. बाई खळखळून हसल्या आणि त्यांनीही पाखडून दाखवलं. हे सूपच होतं. भाताचं तूस उडवायला आफ्रिकेहून आलेल्यांनी इथे विणलेलं. दोघींना एकमेकींचं बोलणं फारसं कळत नव्हतं, तरी घोडागाडीत मी जे तासभर सांगितलं ते त्यांनी अर्ध्या मिनिटात उरकलं. छोट्या टोपलीची किंमत ऐकून बायकोच्या तोंडाशी 'काही कमी?' आलं होतं. तिने ते गिळलं आणि पैसे मोजले. लग्नानंतर हे मी प्रथमच पाहिलं.

दुपारी बंदराच्या काठी बाकावर बसलो. समोर लांब पाण्यात सम्टर किल्ला दिसतो. अमेरिकेच्या यादवी युद्धाची पहिली तोफ 1861 मध्ये इथेच उडाली. पुतण्याने रॉबर्ट स्मॉल्सची गोष्ट सांगितली. हा गुलाम 'प्लँटर' नावाच्या आगबोटीचं सुकाणू धरायचा; पण काळा म्हणून त्याला पायलट म्हणत नसत. 13 मे 1862 च्या पहाटे, गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपलेले असताना, त्याने साथीदारांना आणि सगळ्यांच्या बायकापोरांना घेऊन बोट हाकारली. डोक्यावर कॅप्टनची गवती टोपी घातली, कॅप्टनसारखा हात बांधून उभा राहिला आणि प्रत्येक किल्ल्यासमोर बिनचूक शिट्टी देत सम्टरच्या तोफांखालून निघून गेला. पलीकडे उत्तरेच्या आरमाराला पांढरी चादर दाखवली आणि सगळे सुटले. पुढे तो अमेरिकी काँग्रेसमध्ये निवडून गेला आणि ज्या मालकाच्या परसात जन्मला, त्याचं घर त्याने विकत घेतलं.

गोष्ट संपल्यावर सगळ्यांनी माझ्या टोपीकडे पाहिलं. "तुमच्या टोपीने निदान ऊन तरी लागत नाही," बायको म्हणाली.

संध्याकाळी बोटीवर 'कॅरोलिना गोल्ड' शिजत ठेवला. हा इथला जुना तांदूळ. यादवी युद्धानंतर फुकटचे हात गेले, वादळांनी बांध फोडले, लागवड संपली. 1980 च्या दशकात बी शोधून कोणीतरी पुन्हा लावला. एवढीशी पिशवी, पण किंमत आमच्या बासमतीला लाजवील अशी. तो शिजेपर्यंत मी गावी थोरल्या भावाला फोन लावला. तिकडे पहाट होती.

"आपली खार कोणी बांधली रे?"

"आजोबांनी."

"हाताने?"

"तुला तिकडे जेवायला मिळतंय ना नीट?"

"तसं नाही. ज्यांनी बांधली त्यांची नावं कुठे लिहून ठेवलीयेत का आपण?"

भाऊ जांभई देत म्हणाला, "लिहायला कशाला हवीत? कूळकायद्यात 57 सालीच जमीन त्यांच्या नावावर झाली. सातबारा काढ, सगळी नावं आहेत. आपलं तेवढं नाही. आणि तू कसली 'आपली खार' सांगत फिरतोयस तिकडे?"

फोन स्पीकरवर होता.