मुदपाकखान्याचे गाव

जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर, फुकुई प्रांतात, वाकासा उपसागराच्या एका आतल्या खाचेत वसलेले ओबामा हे तीस हजारांना थोडी कमी पडेल एवढ्या वस्तीचे शहर गेली तेराशे वर्षे परक्यांच्या स्वयंपाकघराची चिंता वाहत आले आहे. आणि या चाकरीबद्दल त्याला तिळमात्र खंत नसून, उलट, राजधानीत बसून जेवणारा मनुष्य केवळ योगायोगाने थोर असतो व त्याच्या ताटापर्यंत मासा नेऊन पोहोचविणारा मात्र स्वकर्तृत्वाने थोर असतो, असा एक शांत समज तेथील म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या चेहऱ्यांवर मला जागोजाग आढळला.

आठव्या शतकात नारा येथे सम्राटांची राजधानी नांदत होती, त्या काळी दरबारच्या मुदपाकखान्याला मीठ आणि मासळी पुरविण्याचा मान ज्या मोजक्या प्रांतांकडे होता, त्यांत वाकासा हा एक. राजवाड्याच्या अवशेषांत लाकडाच्या ज्या लेखी पट्ट्या उत्खननात निघाल्या, त्यांपैकी कित्येकींवर वाकासाच्या मिठाची नोंद आहे : प्रांत अमुक, परगणा अमुक, खातेदार अमुक, मीठ इतके. माझ्याबरोबर या प्रवासाला आलेले स्नेही महसूल खात्यातून निवृत्त झालेले मामलेदार. फुजी पर्वताचे प्रथम दर्शन झाले तेव्हा ज्यांनी ‘हा कोणाच्या नावावर?’ एवढाच प्रश्न केला होता, ते हे गृहस्थ या पट्ट्यांची हकीकत कानी पडताच सद्गदित झाले. ‘राजधानी गेली, राजवाडा गेला, सम्राट गेले,’ ते म्हणाले, ‘पण वसुलीचा कागद राहिला. राज्य म्हणतात ते याला!’ तो कागद नसून लाकूड होते, हे मी त्यांच्या नजरेस आणून दिले नाही. अशा प्रसंगी मनुष्याच्या भक्तीत व्यत्यय आणू नये.

ओबामाला जाणारी रेल्वे १९२२ साली पुरी झाली, आणि त्यानंतर तिने घाई अशी कधी केल्याचे दिसत नाही. त्सुरुगाहून सुटणारी, बहुधा एकदोन डब्यांची ती विजेची गाडी एकेरी मार्गावरून भातखाचरे, डोंगर आणि मधूनच डोकावणारा समुद्र यांची विचारपूस करीत जाते. डबा एक, चालविणारा एक, आणि स्टेशनात तिकिटे गोळा करणाराही पुष्कळदा तोच. एकाच इसमाकडे इतकी कामे सोपवूनही गाडी वेळेवर पोहोचते, हे पाहून मामलेदारसाहेब काहीसे अस्वस्थ झाले. नकाशात पाहावे तर हा सारा किनारा उंदरांनी कुरतडलेल्या जुन्या दस्तऐवजासारखा दिसतो. डोंगरांमधल्या नदीखोऱ्यांत समुद्र चढून आला, खोरी बुडाली, शिखरे भूशिरे होऊन बाहेर राहिली, आणि प्रत्येक दोन भूशिरांच्या बेचक्यात एकेक कोळीवाडा सुखाने राहू लागला. बाहेरून दक्षिणेचा उष्ण प्रवाह येतो, खोलात थंड पाणी असते, आणि या दोहोंच्या संगमावर मासळीची अशी जत्रा भरे की, ती सबंध खाऊन संपविणे ओबामाच्या आटोक्यातले नव्हते. मग राजधानीची आठवण होणे स्वाभाविकच होते.

येथल्या मुख्य मासळीचे नाव साबा. आपल्या बांगड्याचा हा थोरला चुलतभाऊ. अंगाने भरलेला, पाठीवर निळ्याकाळ्या नागमोडी रेघा, आणि नासण्याच्या बाबतीत कमालीचा उतावळा. किनाऱ्यापासून क्योतोपर्यंत अठरा री, म्हणजे सुमारे सत्तर किलोमीटरांचा डोंगरवाटेचा पल्ला. मासा धरावा, त्याला मीठ लावावे, टोपलीत भरून पाठीवर घ्यावे, आणि रात्रीचा दिवस करून चालावे. क्योतोच्या वेशीत पाऊल पडेपर्यंत मीठ नेमके हवे तेवढे मुरलेले असे. म्हणजे मासा स्वयंपाकघरात शिजण्यापूर्वी त्याचे निम्मे अधिक संस्करण हमालाच्या पाठीवर होत असे, आणि वाटेत हमालाने विडी ओढण्यासाठी जरा अधिक वेळ बसकण मारली तर एखाद्या सरदाराच्या पंगतीत मासा खारट होत असे. कनिष्ठ नोकराच्या हाती एवढी सत्ता अन्य कोणत्याही राज्यव्यवस्थेत असेल असे मला वाटत नाही. या वाटेला ‘साबा काइदो’ म्हणतात. तिचा आरंभ दाखविणारी खूण ओबामाच्या एका बाजारपेठेत रस्त्यातच बसविलेली आहे, आणि २०१५ साली जपान सरकारने राष्ट्रीय वारशांची पहिली यादी केली तेव्हा तीत या वाटेला जागा मिळाली.

त्याच पेठेत सळईला टोचून आख्खे भाजलेले साबा मांडलेले असतात. त्यांच्या वासाने मामलेदारसाहेबांची चाल आपोआप मंदावली, म्हणून मी चौकशी केली, तेव्हा असे कळले की, या किनाऱ्यावरची साबाची पैदास अलीकडच्या दशकांत पार ओसरली असून, भाजण्यासाठी येणारा मासा पुष्कळदा नॉर्वेचा असतो. युरोपच्या उत्तर टोकाला धरलेला मासा बर्फात गोठून अर्धी पृथ्वी ओलांडतो तो अठरा री चालणाऱ्यांच्या स्मारकासमोर भाजला जाण्यासाठी! तथापि हातावर हात ठेवून बसणे ओबामाच्या स्वभावात नाही. तागारासू नावाच्या कोळीवाड्यात त्यांनी समुद्रातच पिंजरे टाकून साबा पोसावयास घेतला, आणि त्याच्या खाद्यात साके गाळल्यावर मागे उरणारा चोथा मिसळला. या माशाचे बाजारातले अधिकृत नाव ‘योप्पाराइ साबा’, म्हणजे झिंगलेला बांगडा. मासा प्रत्यक्षात झिंगत नाही, त्याच्या मांसाला गोडवा येतो आणि उग्र वास जातो, एवढेच. पण मामलेदारसाहेबांच्या मनातील शंका निराळीच होती. ‘पिणार मासा,’ ते गंभीरपणे म्हणाले, ‘मग परमिट कोणाच्या नावे काढतात?’

याही पुढची मजल येथल्या शाळकरी मुलांनी मारली. ओबामाच्या मत्स्यविद्यालयातील मुलांनी साबाचा डबाबंद पदार्थ अंतराळात चालेल असा करावयाचे मनावर घेतले. विद्यार्थ्यांच्या तुकड्यांमागून तुकड्या येऊन गेल्या, मध्यंतरी शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झाली, तरी पुढच्यांनी मागच्यांचे काम चालू ठेवले. भारहीन अवस्थेत रसाचे थेंब तरंगू नयेत म्हणून तो दाट करावा लागतो, आणि जिभेची चव तेथे मंदावते म्हणून मसाला चढा ठेवावा लागतो. २०१८ साली जपानच्या अंतराळ संस्थेने त्यावर शिक्कामोर्तब केले, आणि २०२० मध्ये सोइची नोगुची या अंतराळवीराने पृथ्वीभोवती फिरता फिरता तो डबा फोडून खाल्ला. नारा, क्योतो आणि त्यानंतर अंतराळस्थानक! पुरवठ्याच्या गावाने गिऱ्हाईक किती लांबचे धरावे यालाही काही सुमार असतो.

स्वतः ओबामावासी काय खातात, असे विचाराल तर ‘हेशिको’. साबा आधी मिठात, मग भाताच्या कोंड्यात दडपून वर्षभर वा त्याहूनही अधिक काळ पिंपात ठेवतात. बाहेर काढल्यावर तो तांबूस, घट्ट आणि मुत्सद्दी झालेला असतो. आम्ही उतरलो होतो त्या समुद्राकाठच्या घरगुती विश्रामगृहात यजमानीणबाईंनी त्याचे कागदासारखे पातळ दोन काप, किंचित शेकून, भाताशेजारी ठेवले. दोन कापांवर एक वाडगाभर भात सहज जातो, इतका त्याचा खारटपणा जबर. पण सुक्या बांगड्यावर वाढलेल्या कोकणी मामलेदारांनी दोन्ही काप एका घासात संपवून रिकामी बशी पुढे केली, तेव्हा बाईंनी प्रथम बशीकडे, मग त्यांच्याकडे, आणि शेवटी आमच्या खोलीतल्या पाण्याच्या सुरईकडे पाहिले. दुसरी खेप आली, तिसरी आली. रात्री सुरईही तीनदा भरून आणावी लागली.

या गावात खाण्याला कायद्याचा आधार आहे. २००१ साली नगरपालिकेने अन्न हाच नगरविकासाचा पाया असे ठरविणारा ठराव कायद्याच्या स्वरूपात मंजूर केला, आणि त्या धोरणानुसार येथल्या बालवाडीतील पोरे खऱ्याखुऱ्या सुऱ्या हाती घेऊन स्वयंपाक शिकतात. आईबापांना त्या वेळी आत प्रवेश नाही, असे ऐकले; ही तरतूद मुलांच्या हितासाठी की आईबापांच्या, हे मात्र कायद्यात स्पष्ट नसावे.

आता देवांविषयी. नाऱ्याच्या तोदाइजी मंदिरात ७५२ साली जित्चू नामक भिक्षूने एक महाव्रत आरंभिले, आणि त्यासाठी देशातील यच्चयावत देवांना नावे वाचून आवाहन केले. सगळे देव वेळेवर हजर झाले. वाकासाचा ओन्यू म्योजिन तेवढा मासे धरण्यात रमला होता, तो विलंबाने पोहोचला. ओशाळून त्याने भरपाई म्हणून व्रताला लागणारे पाणी वाकासाहून पुरविण्याचे कबूल केले. तत्क्षणी खडक फोडून एक काळा व एक पांढरा असे दोन पाणकावळे उडाले आणि मागोमाग झरा वाहू लागला. तेव्हापासून दर वर्षी २ मार्चच्या रात्री ओबामाजवळच्या जिंगूजी मंदिरातून मशालींची मिरवणूक नदीकाठाने उनोसे या डोहापर्यंत जाते, तेथे मंत्रपूर्वक पाणी नदीत सोडतात, ते भूमीखालून दहा दिवसांत नाऱ्याला पोहोचते, आणि १२ मार्चच्या मध्यरात्रीनंतर तेथल्या वाकासा विहिरीतून काढले जाते. मधल्या डोंगररांगांना न जुमानता पाणी हा प्रवास कसा करते, हे भूगर्भशास्त्रज्ञांस विचारण्यात अर्थ नाही. पाणी वेळेवर पोहोचते, हे मात्र नाऱ्याचे लोक शपथेवर सांगतील.

आम्ही त्या मिरवणुकीत होतो. हवेत बोचरी थंडी, पायांखाली चिखल, नदीकाठाने दोन किलोमीटर लांब पसरलेला जाळ, आणि एवढ्या हजारो माणसांत एकाचाही आवाज चढलेला नाही. हातमशालीवर आपले नाव आणि मागणे लिहिण्याची चाल आहे. मामलेदारसाहेबांनी नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि पिनकोड इतका मजकूर घातला, आणि मागण्याला जागाच उरली नाही. परतताना ते म्हणाले, ‘एका दिवसाच्या गैरहजेरीचा दंड साडेबाराशे वर्षांहून अधिक वसूल होतो आहे. आमच्या वेळी असा कलेक्टर असता तर!’

ओबामाच्या परिसरात शंभरावर देवळे आहेत, पण वेळ थोडा असणाऱ्याने म्योत्सूजी पाहावे. तेराव्या शतकातले मुख्य मंदिर आणि तिमजली स्तूप देवदारांच्या गर्दीत इतके निमूट उभे आहेत की, त्यांच्यापाशी आपला कॅमेराही उद्धट वाटतो. आत भैषज्यगुरू बुद्धाच्या बाजूला त्रैलोक्यविजय नावाची अडीच मीटर उंचीची उग्र मूर्ती आहे, आणि तिच्या पायांखाली, बौद्ध परंपरेला अनुसरून, साक्षात महेश्वर आणि उमा तुडविली जात आहेत. जन्मभर सोमवार करणाऱ्या मामलेदारसाहेबांनी हे दृश्य बराच वेळ निरखले. मग मूर्तीला ओलांडून नेमका पायांखालच्या दांपत्याला नमस्कार केला, आणि हलक्या आवाजात म्हणाले, ‘काळजी नसावी. वर कळवतो.’

जपानला पहिला हत्ती दिसला तोही येथेच. १४०८ साली दक्षिणेकडचे एक गलबत शोगुनसाठी हत्ती, मोर आणि पोपट घेऊन या बंदराला लागले. बांगडे वाहणाऱ्यांनी हत्ती पाहून वजनाचा अंदाज घेतला असेल आणि तो स्वतः चालतो हे कळल्यावर सुटकेचा निःश्वास टाकला असेल, अशी माझी अटकळ आहे. हाच हत्ती १४११ मध्ये कोरियाच्या राजाकडे नजराणा म्हणून गेला, असे इतिहासकार मानतात. तेथे एक अंमलदार त्याला पाहावयास आला, ‘काय हे ध्यान!’ अशा अर्थाचे काही बोलून त्याच्यावर थुंकला, आणि हत्तीच्या पायाखाली मेला. खुनाच्या आरोपावरून आणि बेसुमार खुराकाच्या तक्रारीवरून हत्तीची रवानगी एका बेटावर काळ्या पाण्यावर झाली. तेथे तो खाणे सोडून माणसे पाहताच डोळ्यांतून पाणी काढू लागला, तेव्हा राजाला दया येऊन त्याला परत बोलाविण्यात आले. ओबामाने पुढे धाडलेल्या मालापैकी तक्रारीसह फिरलेला एवढा एकच असावा.

खाण्यातून ओढवलेली एक दंतकथाही गावाने जतन केली आहे. एका श्रीमंताने मेजवानीहून मत्स्यकन्येचे मांस घरी आणले, त्याच्या मुलीने ते नकळत खाल्ले, आणि ती आठशे वर्षे तरुण राहिली. नवरे म्हातारे होत, मरत. ही जशीच्या तशी. शेवटी भिक्षुणी होऊन देशभर कॅमेलियाची झाडे लावीत फिरली, आणि गावी परतून कूइंजी देवळाजवळच्या गुहेत शिरून अन्नत्याग केला. ती गुहा दाखवितात. समुद्रकाठी मत्स्यकन्यांचे पुतळेही आहेत, आणि जवळच्या खाणावळींचा त्यांच्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन मला निखालस स्वच्छ वाटला नाही.

राहता राहिले अमेरिकेचे अध्यक्ष. २००८ साली एका नामसदृश उमेदवाराने निवडणूक लढविली, तेव्हा या गावाने सदरे छापले, त्याच्या मुखवट्याचे गोड बन केले, तो हवाईत जन्मला म्हणून बायांनी हुला नाच बसविला, आणि शंखशिंपल्यांचे तुकडे लाखेत घोटून केलेल्या काड्यांचा जोड त्याला भेट पाठविला. जपानात जेवणाच्या लाखी काड्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक येथे होतात. ते गृहस्थ अध्यक्ष झाले, २००९ मध्ये तोक्योतील भाषणात त्यांनी ओबामावासीयांना जाहीर नमस्कार पाठविला, पण कारकीर्दीत येथे काही आले नाहीत. गावाने ते मनाला लावून घेतलेले नाही. राजधानीत माल पोहोचला, पोहोच मिळाली. हिशेब पुरा झाला.

सध्या गाव बुलेट गाडीची वाट पाहत आहे. ती २०२४ च्या मार्चमध्ये त्सुरुगापर्यंत आली. पुढचा मार्ग ओबामावरून क्योतोकडे न्यावयाचा असे २०१६ साली ठरले, पण काम अद्याप सुरू व्हावयाचे आहे. वाचकांपैकी कोणाला जावयाचे असेल त्यांनी त्या मार्गासाठी थांबू नये; त्सुरुगाला उतरून ती एकदोन डब्यांची गाडी धरावी, तासाभराने जेवणवेळेला पोहोचावे, आणि हेशिकोचे काप मागताना सुरई आधी भरून घ्यावी.