उभ्याचं तिकीट

विमान हीथ्रोला टेकलं की पुणेकर आईबापांच्या डोक्यात 115 चा पाढा सुरू होतो आणि परतीच्या विमानात बसेपर्यंत तो थांबत नाही. दुकानाच्या काचेवर कॉफी साडेतीन पौंड दिसली की आपल्याला चारशे रुपये दिसतात आणि तल्लफ जागच्या जागी मरते. लेक चिडते. "बाबा, आम्ही इथे पौंडांत कमावतो, तुम्ही रुपयांत कशाला गुणता?" तिचं बरोबर आहे. ती पौंडांत कमावते आणि मी रुपयांत वाचवतो. ज्याने त्याने आपापल्या चलनात काम करावं.

अशा घरात एका संध्याकाळी जावयाने प्रॉम्सचा विषय काढला. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, आठ आठवडे, रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जवळजवळ रोज मैफल. बीबीसी भरवते. एकूण कार्यक्रम सत्तरच्या वर. "बाबा, तुम्ही दरवर्षी सवाईला जाता, मग इथे येऊन हे चुकवायचं नाही," असं म्हणत त्याने फोनवर खुर्च्यांचा नकाशा उघडला आणि एका ठिपक्यावर बोट ठेवलं. 52 पौंड. चौघांचे 208. पाढा म्हणाला, चोवीस हजार.

"अरे, मला पाश्चात्त्य संगीतातलं काही कळत नाही रे," मी म्हणालो.

"आठ पौंडांचंही असतं तिकीट," लेक स्वयंपाकघरातून ओरडली. "पण ते उभ्याचं."

पाश्चात्त्य संगीताची माझी समज त्या क्षणी जी वाढली, ती आजतागायत कमी झालेली नाही.

"आणि गुडघे?" हिने विचारलं. माझ्या गुडघ्यांची काळजी हिला फक्त मी स्वस्तात काही करायला निघालो की वाटते. एरवी भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना ते गुडघे माझी खासगी बाब असते.

काटकसरीला शास्त्राधार असला की घरात वाद कमी होतात. तो मी रात्री जागून शोधला आणि असा भक्कम सापडला की झोपच उडाली. 1895 च्या ऑगस्टमध्ये क्वीन्स हॉलचा व्यवस्थापक रॉबर्ट न्यूमन याने ह्या मैफली सुरू केल्या, त्याच मुळी स्वस्तात. उभ्याला एक शिलिंग, आख्ख्या मोसमाचा पास एक गिनी. लोकांना आधी सोपं ऐकवायचं, मग हळूहळू अवघडाकडे न्यायचं, असा त्याचा बेत. ऐकता ऐकता फिरा, खा, प्या, चिरूट ओढा. फक्त कुणी गात असताना काडी पेटवू नका, एवढीच विनंती. पैसे घातले जॉर्ज कॅथकार्ट नावाच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरने. त्याच्या अटी दोनच. वाद्यवृंद हेन्री वुड नावाच्या 26 वर्षांच्या पोरानेच चालवायचा, आणि वाद्यं खालच्या पट्टीत लावायची, कारण तिथल्या चढ्या पट्टीपायी गाणाऱ्यांचे घसे खराब होतात. (आता घसे खराब होण्यावरच ज्याचा प्रपंच चालतो, त्याने ही अट घालावी! ह्याला मी रसिक म्हणतो.)

न्यूमनचं 1902 मध्ये दिवाळं वाजलं. "बघा, स्वस्त तिकिटांनी काय होतं ते," ही म्हणाली.

"ते विकणाऱ्याचं होतं. घेणाऱ्याचं काही वाईट झाल्याची नोंद नाही."

पुढे 1927 मध्ये बीबीसीने मैफली हाती घेतल्या, 1941 मध्ये जर्मन बॉम्बने क्वीन्स हॉल जळाला आणि सगळा कारभार अल्बर्ट हॉलमध्ये आला. एवढ्या उलथापालथीत उभ्याच्या तिकिटाला मात्र कुणी हात लावला नाही. थोडक्यात, खुर्चीवाले हे नंतर आलेले भाडेकरू. मूळ मालक आम्ही.

ही उभ्याची तिकिटं मैफलीच्याच दिवशी सकाळी नेटवर विक्रीला येतात. मिळतात की नाही, ह्या काळजीने जावई पांढरा पडला होता. मी त्याला धीर दिला. ज्याने दिवाळीच्या सुट्टीत तत्काळमध्ये नागपूरची तिकिटं काढली आहेत, त्याला बीबीसीने काय भिववावं? घरातले सगळे फोन आणि लॅपटॉप टेबलावर मांडले, प्रत्येकाला एकेक यंत्र नेमून दिलं आणि विक्री सुरू होईपर्यंत चहालासुद्धा बंदी केली. चौघांची मिळून 32 पौंडांत झाली. बायकांची वर गॅलरीत, आमची खाली मंचासमोरच्या अरीनात. न केलेला खर्च 176 पौंड. म्हणजे वीस हजार रुपये मी नाश्त्याआधी कमावले होते. घरात कुणी तसं म्हणून दाखवलं नाही.

लेक राहते विल्सडनला. तिथून 52 नंबरची बस निघते ती लॅडब्रोक ग्रोव्ह, नॉटिंग हिल, केन्सिंग्टन करत थेट अल्बर्ट हॉलच्या दारात. भाडं 1.75 पौंड, दिवसभर एकच. ट्यूबला भाडं जास्त. जावई म्हणाला, ट्यूबने लवकर पोचू. लवकर पोचण्याचे जास्त पैसे द्यायचे, ही कल्पना मला आजवर कुणी समजावून देऊ शकलेलं नाही. आम्हाला वेळेची काय कमतरता होती? वरच्या मजल्यावरची पहिली बाकं पकडली आणि पर्यटक ज्यासाठी वेगळे पैसे मोजतात ते लंडनदर्शन गाण्याच्या भाड्यात उरकलं. पहिल्या बसमध्ये चढल्यापासून तासाभरात दुसरी धरली तर ती फुकट, असाही तिथे नियम आहे. केवळ तो नियम वाया जाऊ नये म्हणून मधे एकदा बस बदलावी, असं मी सुचवून पाहिलं. हिने नुसतं पाहिलं.

हॉलपाशी पोचलो तर कार्यक्रमाला कितीतरी तास अवकाश, आणि रांग लागलेली! तिकीट हातात असलं तरी पुढची जागा रांगेतल्या क्रमांकाने मिळते. क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची, मग खायला-फिरायला जायची मुभा. पण नेहमीचे लोक कुठे जात नव्हते. त्यांनी घडीच्या खुर्च्या, थर्मास, शब्दकोडी, विणकाम असा संसार मांडला होता. माझ्या पुढे एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. मोसमाचा पास काढणाऱ्या. विद्यार्थिदशेपासून इथे उभ्या राहतात, म्हणाल्या. पासाची किंमत भागिले मैफली असा हिशेब त्यांनी मला एका दमात करून दाखवला, आणि तो करताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी पुण्याबाहेर प्रथमच पाहिलं.

"आणि खुर्चीवाले?" मी विचारलं.

त्यांनी आवाज खाली आणला. ते लोक ऐकायला येत नाहीत, बसायला येतात, म्हणाल्या.

मला एकदम घरी आल्यासारखं झालं. सवाईच्या भारतीय बैठकीत ह्याच्यापेक्षा सौम्य काही कधी ऐकल्याचं आठवत नाही. मग मी त्यांना जुन्या सवाईबद्दल सांगितलं. रमणबागेचं मैदान, डिसेंबरची थंडी, सतरंजी, मफलर, पहाटेपर्यंत गाणं. त्यांनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं आणि एकच शंका काढली. तिथे सगळे जमिनीवर बसतात? मग हाल कसले झाले तुमचे?

खाण्याची सोय अर्थात घरून आणली होती. हॉलसमोर रस्ता ओलांडला की अल्बर्टचं स्मारक आहे; भल्या उंच मखरात सोन्याचा मुलामा दिलेला अल्बर्ट बसलाय. चार कोपऱ्यांना चार खंडांचे पुतळे. त्यातली आशिया म्हणजे हत्तीवर बसलेली बाई, आणि ती नेमकी हॉलच्या बाजूला. तिच्यासमोर गवतावर आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. माहेरचं माणूस समोर असलं की जेवण बरं जातं.

"बघा, राणीने नवऱ्यासाठी कसा खर्च केलाय," ही म्हणाली.

त्यातला बराचसा पैसा लोकवर्गणीतला होता, हे मी तिच्या नजरेला आणून दिलं. एवढं साम्राज्य काही उगाच उभं राहत नाही.

आत शिरल्यावर बायका वर गेल्या. गॅलरी म्हणजे घुमटाच्या पोटाखालची गोल फरसबंद वाट. तिथे लोक चादरी पसरून चक्क आडवे होऊन ऐकतात. हे तिकीट काढताना कळलं असतं तर मी खाली कशाला आलो असतो? पण खालचा अरीनाही काही कमी नाही. वाद्यवृंद चालवणाऱ्याच्या कोटाच्या शिवणी दिसतील इतक्या जवळ आम्ही, आणि 52 पौंडवाले आमच्या पाठीमागे. मी दोनतीनदा वळून त्यांच्याकडे पाहिलं. जावई म्हणाला, असं करू नका. पण हॉलात 5,000 माणसं, त्यात हजारावर उभी. एवढ्यांत कोण आपल्याला ओळखतंय?

पूर्वार्धात बेथोवनचा पियानो कॉन्चेर्टो होता. पियानोचं झाकण उचलायला माणसं पुढे झाली तशी माझ्या आजूबाजूची सभ्य मंडळी एका सुरात "हीऽऽव्ह" ओरडली आणि वरून गॅलरीतून "होऽऽ" आलं. ही इथली जुनी रीत. नंतर ही म्हणाली, तिने वरून "हो" म्हटलं होतं. लग्नानंतर तिने माझ्या बाजूच्या माणसांना असा बिनशर्त होकार प्रथमच दिला.

ह्या हॉलचा प्रतिध्वनी पूर्वी फार कुप्रसिद्ध होता. इथे कुठलीही रचना एका तिकिटात दोनदा ऐकायला मिळते, असा लंडनच्या गाणाऱ्या-बजावणाऱ्यांत जुना विनोद आहे. 1969 मध्ये छताखाली फायबरग्लासच्या मोठमोठ्या तबकड्या टांगून तो प्रतिध्वनी आवरला. मान वर केली की भुईछत्र्या उलट्या उगवल्यासारख्या दिसतात. ज्याने कुणी हा ठराव मांडला तो खुर्चीतला असणार. उभ्यावाल्याने एवढी सवलत हातची जाऊ दिली नसती.

उत्तरार्धात ब्रुकनरची आठवी सिंफनी. सुमारे 80 मिनिटं. 8 पौंड भागिले 80, म्हणजे मिनिटाला 10 पेन्स, आणि बेथोवन वर फुकट. हा भागाकार मी पहिल्या काही मिनिटांतच उरकला आणि मग ऐकायला मोकळा झालो. तिसरा भाग संथ आणि लांबलचक. त्यात कुठेतरी उजवा गुडघा बोलू लागला, मग डावा त्याला साथ करू लागला. मी वजन ह्या पायावरून त्या पायावर, त्यावरून जावयावर असं फिरवत होतो. आणि मग ती सगळी पितळी वाद्यं एकदम उठली. त्या आवाजाने बरगड्या हलल्या. कानांनी ऐकायचं असतं हा माझा समज तिथेच गेला. खालच्या फळ्यांतून तळव्यांत, तळव्यांतून वर. खुर्चीत गादी आडवी येते. हे एवढं खालपर्यंत पोचत नसणार. हे मी काटकसरीच्या बाजूने बोलतोय असं वाटेल. वाटू दे.

बाहेर आलो तर ही भारावलेली. "1974 मध्ये लताबाई ह्याच हॉलात गायल्या," ती पायऱ्यांवर थांबून म्हणाली. जावयाने माहिती पुरवली की 2023 च्या प्रॉम्समध्ये लताबाईंच्या गाण्यांचीच एक मैफल झाली होती, बर्मिंगहॅमच्या सिंफनी ऑर्केस्ट्राची. पलक मुच्छल गायली.

"तेव्हा का नाही आणलंत मला?"

तेव्हा विमानाची तिकिटं महाग होती, हे कारण मी सांगितलं. 52 नंबरच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो, पण वेगवेगळ्या खिडक्यांतून बाहेर बघत.

एक गोष्ट सांगायची राहिली. दारात बादल्या घेऊन माणसं उभी होती. रोज उभं राहणारे श्रोतेच मोसमभर असे पैसे गोळा करतात, संगीतकारांच्या मदतनिधींसाठी. त्यातली एक बादली आमच्या त्या रांगेतल्या बाईंच्या हातात. माझ्या खिशात काही नाणी होती, मी त्यातलं योग्य नाणं चाचपून शोधत होतो. तोवर हिने पर्स उघडून दहाची नोट काढली आणि बादलीत टाकली. दहा! तिकीट आठचं! बाईंनी तिचा हात हातात घेतला, दोघी काहीतरी बोलल्या, हसल्या, माझ्याकडे पाहून परत हसल्या. पाढा 1,150 वर येऊन अडकला तो नॉटिंग हिलपर्यंत पुढे सरकेना.

दुसऱ्या दिवशी घरीच होतो. प्रॉम्सची प्रत्येक मैफल बीबीसी रेडिओ 3 वर थेट लागते. त्याला एक पेनीही पडत नाही, शिवाय सोफा. मध्यंतरानंतर अरीनातल्या मंडळींनी एका सुरात घोषणा केली, मोसमात आतापर्यंत किती हजार पौंड जमले त्याची.

"ह्यात आपले दहा धरलेत ना?" ही उठून बसली.

"धरले असतील की."

"असतील काय? उद्या जाऊन त्या बाईंनाच विचारू," ही म्हणाली. "आठ पौंडांचा तर प्रश्न आहे."