आवृत्तीवाला

जुनं ते सोनं असं म्हटलं तर धंदा बसतो, आणि जुनं ते टाकाऊ असं म्हटलं तर गिऱ्हाईक अंगावर येतं. या दोन वाक्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत उभं राहून भाषण करणारा एक गृहस्थ अमेरिकेत असतो. चाळिशीचा. कोटाच्या आत काळा टीशर्ट, टीशर्टवर ड्रॅगन, खिशात वीस बाजूंचा फासा. बोलताना अडला की हात खिशात जातो. व्हिजिटिंग कार्डावर हुद्दा काहीही छापलेला असो, आपण त्याला आवृत्तीवाला म्हणू.

त्याचा माल म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा 1974 सालचा खेळ. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट रचत जातो, बाकीच्यांपैकी कुणी जादूगार होतो, कुणी चोर, आणि राक्षसाला तलवार लागली की नाही ते फासा सांगतो. त्याला लागतात नियमांची पुस्तकं, पेन्सिल आणि रिकामी संध्याकाळ. गोम इथेच आहे. ही पुस्तकं संपत नाहीत. 1978 साली निघालेलं नियमपुस्तक आज उघडून बसलात तरी खेळ तितकाच रंगतो. म्हणजे आवृत्तीवाल्याला विकायची असते अशी वस्तू, जी गिऱ्हाइकाच्या फडताळात आधीच आहे आणि उत्तम चालते आहे. ती केवळ बोलून जुनी करायची, हेच त्याचं काम.

बरं, ऐकणारे दोन. एकाच्या घरी कपाटभर पुस्तकं, दुसऱ्यानं फासा हातातही धरलेला नाही. दुसऱ्याला सांगायचं, सगळं नवीन आहे, सोपं आहे, या! पहिल्याला सांगायचं, काहीही बदललेलं नाही, घाबरू नका. स्थळ सुचवणारे मध्यस्थ मुलाबद्दल एका घरी ‘अनुभवी’ आणि दुसऱ्या घरी ‘कोवळा’ म्हणतात, तसंच हे; फक्त इथे दोन्ही घरं एकाच मांडवात, एकाच माईकसमोर बसलेली असतात.

1989 साली दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा मांडवात आईबापही होते. हा खेळ पोरांना सैतानाच्या नादी लावतो, अशी ओरड तिकडे बरीच वर्षं चालली होती. तेव्हा पुस्तकांतून सैतान गेले. थोड्याच काळात ते ‘बाटेझू’ आणि ‘तनारी’ अशी नावं घेऊन परत आले. आईबापांसाठी गेले, पोरांसाठी आले. कारागिरी म्हणून याला दाद द्यायलाच हवी.

2000 साली तिसरी आली, तेव्हा खेळ विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीच्या हाती होता. तिनेच 2003 मध्ये साडेतिसरी काढली. साडेतीन मुहूर्त पाळणाऱ्या आपल्याला त्यात वावगं वाटणार नाही; पण ज्यांनी नुकताच तीन पुस्तकांचा संच घेतला होता, त्यांनी त्या अर्ध्याच्या नावानं जी बोटं मोडली, ती पुढे प्रत्येक घोषणेत आवृत्तीवाल्याच्या कानात वाजत राहिली.

त्याचा सुवर्णकाळ म्हणजे ऑगस्ट 2007. इंडियानापोलिसच्या जेन कॉन मेळ्यात चौथी आवृत्ती जाहीर झाली. सोबत एक चित्रफीत होती. तिच्यात जुन्या आवृत्त्यांची टिंगल होती. तिसऱ्या आवृत्तीतले झटापटीचे किचकट नियम शोधता शोधता खेळाडूंची दमछाक होते, असं काहीसं. विनोद चांगला होता. अडचण इतकीच, की ते नियम याच कंपनीने विकले होते, आणि समोर बसलेल्यांनी ते पैसे मोजून घेऊन पाठ केले होते. वर आश्वासन, की खेळ तोच राहणार आहे. हसावं की रागवावं हे न कळून बरेच जण दोन्ही करून घरी गेले.

2008 मध्ये पुस्तक आलं आणि त्यात नोम नव्हता. नोम म्हणजे ठेंगू, खोडकर जमात; पिढ्यान्‌पिढ्या लोक आवडीनं नोम होऊन खेळलेले. तो राक्षसांच्या पुस्तकात सापडला! कंपनीच्या कार्टूनमध्ये नोम स्वतःच सांगत होता, की मी आता राक्षस आहे, आणि वर डरकाळीही फोडत होता. पुढल्या वर्षी तो खेळाडूंच्या दुसऱ्या पुस्तकात परतला. त्याच 2009 मध्ये पायझो या प्रकाशनाने साडेतिसरीचेच नियम घासूनपुसून ‘पाथफाइंडर’ नावानं बाजारात आणले. तेच जुने नियम नव्या पुठ्ठ्यात घ्यायला लोकांनी रांगा लावल्या. आवृत्तीवाल्याला हे आजही कुणी विचारू नये. हात खिशात जातो.

2010 मध्ये ‘इसेन्शियल्स’ नावाची पुस्तकं आली. ही साडेचौथी नव्हे, असं त्याने आधीच बजावून ठेवलं. सुरुवातीचा संच लाल खोक्यात होता, वर चित्र 1983 च्या खोक्यावरचंच. म्हणजे नवं विकायला जुनं चित्र, आणि जुनं आवडणाऱ्याला आत निघाली चौथी.

मग 2012 पासून तो ऐकू लागला. ‘आम्ही ऐकतोय’ हे त्याचं पालुपद तेव्हाचं. नव्या आवृत्तीला आकडाच दिला नाही. नाव ठेवलं ‘डी अँड डी नेक्स्ट’. 1 लाख 75 हजारांहून जास्त लोकांनी ती खेळून पाहिली, मतं कळवली. 2014 साली पुस्तक निघालं ते खरोखर चाललं, आणि तेही मागल्या सगळ्या आवृत्त्यांइतकं मोठ्यानं न ओरडता. इतक्या यशानंतर शहाण्या माणसानं गप्प बसावं. पण हिशेबवहीला गप्प बसणं चालत नाही, तिला दर तिमाहीला उत्तर लागतं.

ऑगस्ट 2022 मध्ये तो पुन्हा पडद्यावर आला, ‘वन डी अँड डी’ घेऊन. आता आवृत्त्यांचा विचारच करायचा नाही, म्हणाला; जुनी पुस्तकं नव्याबरोबर चालतील. मग नवी घ्यायची कशाला? तर ती नवी आहेत. वर्ष उलटायच्या सुमारास ‘वन’ हे नावही मावळलं. सप्टेंबर 2024 मध्ये नियमपुस्तक निघालं, किंमत जवळपास 50 डॉलर, आकडा कुठेच नाही.

एक गोष्ट मात्र त्याच्या मनासारखी झाली होती. लोकांचं फडताळ आता ‘डी अँड डी बियाँड’ या डिजिटल सेवेवर गेलं होतं, आणि त्याची किल्ली कंपनीकडे होती. पुस्तक निघायच्या थोडं आधी जाहीर झालं, की तिथल्या खेळाडूंच्या पत्रकांवर जुन्या मंत्रांच्या जागी नवे मंत्र आपोआप येतील. पन्नास वर्षांत जे बोलून जमलं नाही, ते एका बटणात! असा काही गदारोळ उठला की आठवड्याच्या आत कंपनीने माघार घेतली. जुन्या मालाला ‘लेगसी’ अशी चिठ्ठी लावून तो ठेवून दिला गेला.

आवृत्तीवाल्यानं या माघारीची घोषणाही त्याच उमेदीनं केली. आता जुनं आणि नवं दोन्ही एकाच ठिकाणी वापरा, म्हणाला, केवढी ही सोय! खाली उतरल्यावर कुणीतरी त्याला विचारलं, की ही साडेपाचवीच ना? तो गोड हसला. हात खिशात गेला.