आधी ताप सांगा

पुढच्या लॅपटॉपात कुठला प्रोसेसर येणार याची चर्चा कानावर आली की मी एकच गोष्ट शोधतो: तो तापणार किती? उत्तर सहसा नसतंच. गिगाहर्ट्झ असतात, कोअर मोजलेले असतात, नॅनोमीटर असतात, बाजारात येण्याचा महिनासुद्धा ठरलेला असतो. वॅट तेवढे गायब. या गाळलेल्या आकड्यावर माझा राग आहे, आणि तो जुना आहे.

२३ जून २००३, सॅन फ्रान्सिस्को. अ‍ॅपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी पॉवर मॅक जी५ हा टेबलाखाली ठेवायचा संगणक दाखवला. आत आयबीएमचा पॉवरपीसी ९७० प्रोसेसर, अ‍ॅपलच्या भाषेत जी५, वेग २ गिगाहर्ट्झ. त्याच व्यासपीठावरून शब्द दिला की बारा महिन्यांत ३ गिगाहर्ट्झ देऊ. टाळ्या पडल्या. त्या टेबलाखालच्या पेटीत नऊ पंखे होते. ते किती हळू आणि बिनआवाज फिरतात याचं कौतुक झालं. नऊ पंखे लागले कशाला, हा प्रश्न मागेच राहिला.

मग अंदाजांचा कारखाना सुरू झाला. जी५ आलाच आहे, तर आता तो पॉवरबुकमध्ये, म्हणजे अ‍ॅपलच्या लॅपटॉपमध्ये, कधी? या महिन्यात, पुढच्या महिन्यात, नक्की जानेवारीत. ‘पॉवरबुक जी५, येत्या मंगळवारी’ हे वाक्य इतकं घासलं गेलं की शेवटी त्याची थट्टाच झाली. पण त्या मंगळवारावर भरवसा ठेवून कितीतरी माणसांनी खरेदी लांबवली. जुन्या यंत्रावर फोटो घासत बसणारे छायाचित्रकार होते, प्रबंध लिहिणारे विद्यार्थी होते. वाट बघण्यात गेलेली त्यांची दोन वर्षं कोणाच्याच हिशेबात धरली गेली नाहीत.

आणि उत्तर तर शाळेच्या गणितात होतं. चिपला लागणारी वीज वेगाबरोबर वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाबरोबर वाढते. वेग २० टक्के चढवला आणि तो पेलायला व्होल्टेज १० टक्के वाढवावं लागलं, तर विजेचा खप साधारण ४५ टक्क्यांनी वाढतो. टेबलाखालच्या पेटीत याला तोड आहे: पंखे वाढवा. इंचभर जाडीच्या लॅपटॉपमध्ये पंखे कुठे कोंबणार? आणि बॅटरीचं काय? ५० वॅट-तासांच्या बॅटरीला ५० वॅटची चिप लावली, तर ती एकटीच तासाभरात बॅटरी रिकामी करते. पडद्याला काही उरत नाही.

आधीची कित्येक वर्षं हा हिशेब टळत आला, त्याला कारण होतं. आयबीएमच्याच रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करत गेलं की व्होल्टेजही उतरवता येतं आणि तेवढ्याच जागेतली उष्णता जवळपास तेवढीच राहते. वेग फुकटात वाढत होता. ९० नॅनोमीटरपाशी ही सवलत संपली. ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की ते बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली. काम काही नाही, ताप मात्र चालू. सगळ्या उद्योगाला हा दणका एकाच सुमारास बसला. इंटेलने ऑक्टोबर २००४ मध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला, आणि कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी भर सभेत गुडघे टेकून माफी मागितली. मला हा माणूस त्यासाठी आवडतो. दिलेली तारीख चुकली तर ती चुकली असं म्हणायला पाठीचा कणा लागतो.

जी५चं काय झालं? जून २००४ मध्ये, म्हणजे बारा महिने भरताना, वेग २.५ गिगाहर्ट्झवर अडकला होता आणि तेवढ्यासाठीही आत पाणी खेळवून चिप गार करावी लागत होती. ज्या चिपला पाण्याची नळी लागते ती मांडीवरच्या यंत्रात कशी बसेल, हे इथेच सगळ्यांना उमगायला हवं होतं. जानेवारी २००५ मध्ये तेव्हा अ‍ॅपलचा कारभार बघणारे टिम कुक यांनी स्वच्छ सांगून टाकलं की जी५ पॉवरबुकमध्ये घालणं हे उष्णतेचं महाकठीण कोडं आहे. तरी अंदाज थांबले नाहीत.

६ जून २००५ ला जॉब्ज पुन्हा व्यासपीठावर आले. ३ गिगाहर्ट्झचा शब्द पाळता आला नाही, जी५चं पॉवरबुक देता आलं नाही, हे त्यांनी कबूल केलं आणि मॅक इंटेलच्या प्रोसेसरवर नेत असल्याचं जाहीर केलं. कारण सांगताना त्यांनी गिगाहर्ट्झ बाजूला ठेवले आणि दर वॅटमागे किती काम होतं ते मांडलं: पुढच्या आराखड्यांनुसार पॉवरपीसीचे १५ एकक, इंटेलचे ७०. दोन वर्षं जो आकडा कुणी विचारला नाही, त्याच आकड्यावर कंपनीने आपलं घर बदललं. महिन्याभराने, जुलैमध्ये, आयबीएमने कमी विजेवर चालणारा पॉवरपीसी ९७० जाहीर केला. वेग १.६ गिगाहर्ट्झ, वीज १६ वॅट. लॅपटॉपजोगती चिप आली, तेव्हा लॅपटॉपवाला निघून गेला होता.

हे आधी ओळखणं अशक्य होतं असं मला कोणी सांगू नये. इंटेलच्या इस्राएलमधल्या हैफा इथल्या चमूने घडवलेला पेंटियम एम मार्च २००३ मध्येच बाजारात आला होता. १.६ गिगाहर्ट्झला जेमतेम २४.५ वॅटचा आराखडा, आणि काम मात्र कितीतरी जास्त गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ला लाजवणारं. त्याच चमूच्या पुढच्या चिपवर जानेवारी २००६ मध्ये पहिलं मॅकबुक प्रो उभं राहिलं. ज्याने वॅट वाचले होते त्याला वारा कुठे वाहतोय ते कळत होतं.

सगळ्यात वाईट गत कोणाची झाली? वाट बघून थकलेल्यांची. २००५ च्या अखेरीस ज्यांनी कंटाळून आधीच्याच जी४ चिपचं शेवटचं पॉवरबुक घेतलं, त्यांचं यंत्र ऑगस्ट २००९ मध्ये आलेल्या स्नो लेपर्ड या प्रणालीने दारातच अडवलं. ती फक्त इंटेलच्या मॅकवर चालायची. चार वर्षंही पुरी झाली नव्हती.

आज शब्द बदललेत, खोड तीच आहे. नॅनोमीटर हे आता मापही उरलेलं नाही. इंटेलने २०२१ मध्ये आपल्या १० नॅनोमीटर तंत्राच्या सुधारित आवृत्तीला ‘इंटेल ७’ असं नाव दिलं, आणि लोक तो सात आकडा पट्टीने मोजल्यासारखा वापरतात. २०२४ पासून एआय लॅपटॉपसाठी दर सेकंदाला चाळीस लाख कोटी क्रियांची जाहिरात सुरू झाली. दुकानात उभ्या असलेल्या आईबापांनी या आकड्याचं करायचं काय? उलट ज्या यंत्राने खरंच पान उलटलं, ते नोव्हेंबर २०२० मधलं एम१ चिपचं मॅकबुक एअर. त्यात पंखाच नव्हता. याहून मोठी बातमी त्या वर्षी लॅपटॉपच्या जगात नव्हती.

आता आपल्याकडचं बोलतो. अ‍ॅपलच्याच तपशीलपत्रात मॅकबुक वापरायचं तापमान १० ते ३५ अंश सेल्सियस असं छापलेलं असतं. अकोल्यात, चंद्रपुरात, नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पत्र्याच्या छपराखालची खोली त्यात धरा. चिप तापली की स्वतःला वाचवायला ती आपला वेग उतरवते. म्हणजे गार खोलीत मोजलेला जो वेग छापून येतो, त्याचे पूर्ण पैसे त्या खोलीतली मुलगी मोजते आणि सत्र परीक्षेच्या आठवड्यात तिला तो वेग मिळत नाही. पंखा घरघरतो, पडदा अडखळतो, आणि तिला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

येत्या चिपवर अंदाज बांधणाऱ्या सगळ्यांकडे माझी एवढीच मागणी आहे. ४२ अंशांच्या खोलीत, विजेचा प्लग काढून, तासभर काम केल्यावर किती वेग उरतो, तो आकडा पहिल्या ओळीत द्या. मंगळवार कुठला, ते नंतर.