साईड बीचा पाऊस

डिसेंबर लागला की फोनमधलं गाण्याचं ॲप वर्षभराचा हिशेब हातात ठेवतं, तलाठ्यानं सातबारा द्यावा तसा. यंदाच्या सातबाऱ्यावर माझं 'ऐकण्याचं वय' ८१ लागलं. खरं वय ५९. मधल्या २२ वर्षांचा फेरफार कोणी केला, कळायला मार्ग नाही.

पण खरा धक्का पुढेच होता. मी वर्षात सर्वांत जास्त ऐकलेला कलाकार: पाऊस. पावसाची गाणी नव्हेत, नुसता पाऊस. आठ-आठ तासांचा, ना ताल ना सम. मग आठवलं. सौभाग्यवतींना झोप लागत नाही म्हणून मुलीनं माझ्याच फोनवर तो लावून दिला होता. मे महिना, मौद्यात पारा ४५ वर, खिडकीत कूलर ताट्यांवरून पाणी गाळत घरघरतोय आणि उशाशी कुठल्यातरी परदेशी जंगलात मुसळधार पडतोय. "कूलरचा आवाज तरी वेगळा काय आहे?" असं मी एकदा विचारून पाहिलं. "तो घोरतो," उत्तर आलं, "आणि या खोलीत घोरणारा एक पुरे."

त्याच आठवड्यात मुलीचा पुण्याहून फोन. "बाबा, यंदाचे तुमचे आवडते पाच अल्बम पाठवा. सगळे पाठवताहेत." जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू घेऊन अंगणात बसलो. शेजारचा पोरगा डोकावला.

"काकाजी, कायची लिस्ट करून राहिले?"

"अल्बमची."

"कोनाच्या लग्नाचा?"

पोरगा अगदीच चुकला नव्हता. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटं मावत. मोठी रचना असली की चार-सहा तबकड्या लागत, आणि त्या फोटोंच्या अल्बमसारख्या दिसणाऱ्या जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत घालून विकत. १९४८ मध्ये लाँग प्ले आली, सगळं एकाच तबकडीवर मावू लागलं. वही गेली, नाव राहिलं. पोराला हे सांगितलं. "मंग फोटो कुठी आहेत?" म्हणून तो निघून गेला.

पहिलं नाव लिहिलं 'गारवा'. मिलिंद इंगळे यांचं गाणं, सौमित्र म्हणजे किशोर कदम यांचे शब्द. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस आमच्या पिढीचे बरेच लोक या कॅसेटमुळे विनाकारण हळवे झाले होते. गाण्याआधी कवी बोलतो, मग गाणं सुरू होतं. ते बोलणं ओलांडून थेट गाण्यावर जायची सोय नव्हती. म्हणजे फॉरवर्डचं बटण होतं, पण त्यानं वॉकमनचे सेल उतरत, आणि सेलला पैसे पडत. शिवाय नेमकं गाण्याच्या तोंडाशी थांबणं हे बैलगाडी नेमकी दगडावर थांबवण्याइतकंच कठीण. त्यामुळे नावडती गाणीही ऐकावी लागत. तिसऱ्या महिन्यात त्यातलं एखादं आवडू लागे आणि वर्षअखेरीस तेच सर्वांत लाडकं झालेलं असे. साईड ए दुकानात ऐकून घेतलेली, साईड बी घरी येऊन सोसलेली. आमचे संसारही थोडेफार असेच झाले. रीळ गुंतलं तर सहा कडांचं बॉलपेन भोकात घालून गुंडाळायचं, एवढीच दुरुस्ती ठाऊक होती.

दुसरं नाव 'गीतरामायण' लिहिलं, मुलीला कळवलं आणि ती फोनवरच उखडली. "यंदाचे म्हणजे यंदा निघालेले, बाबा!"

"मी यंदा ऐकलं की. लोणचं घातलं त्या वर्षाचं की मुरलं त्या वर्षाचं?"

खरं तर वर्षाचा अल्बम म्हणावा तर हाच. १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिलला, पुणे आकाशवाणीवर सुरू झाला आणि दर आठवड्याला एक नवं गाणं याप्रमाणे वर्षभर निघत राहिला. गदिमांनी लिहायचं, बाबूजींनी चाल लावायची. हिशेबानं ५२ गाणी व्हायची, पण त्या वर्षी अधिक मास आला आणि ती ५६ झाली. पंचांगानं चार गाणी जास्तीची मिळवून दिली, असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. आठवडाभर एकाच गाण्यावर राहायचं! शेजारचा पोरगा सात दिवस एका गाण्यावर राहिला तर घरचे त्याला दवाखान्यात नेतील.

तिसऱ्या नावापाशी पेन अडलं. समोर थर्मलच्या चिमण्या होत्या, त्यांच्या पलीकडे उत्तरेला, दिसत नसला तरी, रामटेकचा डोंगर. 'मेघदूता'तला रामगिरी तो हाच, असं आमच्या नागपूरच्या वा. वि. मिराशींनी सांगून ठेवलंय. यक्षालाही वर्षभराचीच शिक्षा होती. त्याच्यापाशी फोन असता तर वर्षअखेरी त्याचाही सर्वाधिक ऐकलेला कलाकार पाऊसच निघाला असता, आणि वय काही हजार.

मग जूनमधली ती रात्र आठवली. उकाड्यानं जीव नकोसा झालेला, कूलर नुसता ओल फेकत होता. दोनच्या सुमारास टिनावर टपटप सुरू झाली. आधी वाटलं, फोनच. पण मातीचा वास आला, आणि फोनला अजून तेवढं जमत नाही. ही उठून बसली. "अहो, खरा आलाय." दोघंही ओसरीवर जाऊन बसलो. कन्हान नदीच्या बाजूनं वीज चमकत होती. कोणी काही बोललं नाही. बोलायचं असतं तरी टिनापुढे ऐकू आलं नसतं.

आत उशाशी फोनमधला पाऊस चालूच राहिला होता. बंद करायला कोणी उठलं नाही. सकाळी बघितलं तर बॅटरी संपलेली, आणि ॲपनं तोवरची सगळी मिनिटं इमानेइतबारे माझ्या नावावर चढवली होती.