दोन इंजिनं आणि एक प्यादं: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

या मार्गदर्शनासाठी बुद्धिबळ चांगलं खेळता यायला हवं, अशी अट नाही. येत असेल तर उलट अडचण होते, कारण मधूनच स्वतःचं मत डोकं वर काढतं. सोंगट्या कशा चालतात एवढं ठाऊक असावं, लॅपटॉप असावा आणि एखाद्या ओपनिंगवर जीव जडलेला असावा. आपण इंजिनांचा तौलनिक अभ्यास करतोय, असं घरच्यांना सांगायचं. खरं काम एवढंच, की आवडत्या ओपनिंगला दोनपैकी एका तरी इंजिनाची संमती मिळवायची.

उदाहरणादाखल किंग्ज गॅम्बिट घेऊ. पांढरा राजापुढचं प्यादं ई-४ला टाकतो, काळा ई-५ने उत्तर देतो, आणि दुसऱ्याच चालीला पांढरा आपलं एफ-पट्टीतलं प्यादं एफ-४ला, काळ्याच्या तोंडाशी नेऊन ठेवतो: घे, खा. (घरात देशी पद्धतीने खेळलेले आजोबा असतील तर ते इथेच हरकत घेतील. प्यादं एका चालीत दोन घरं गेलंच कसं? त्यांचा मुद्दा त्यांच्या नियमांत बिनतोड आहे. त्यांना चहा द्या आणि पुढे चला.)

हे ओपनिंग आवडण्याचं कारण बहुधा १८५१चा तो लंडनमधला डाव असणार. आंडरसेनने कीझेरित्स्कीला याच गॅम्बिटमधून दोन्ही हत्ती, एक उंट आणि शेवटी वजीरही दिला आणि उरलेल्या तीन मोहऱ्यांनी मात केली. डावाला ‘अमर डाव’ असं नाव पडलं. तुम्हालाही शनिवारच्या स्पर्धेत असंच अमर व्हायचं आहे. जरूर व्हा. फक्त तो डाव इंजिनात घालून पाहू नका. दोन्ही बाजूंच्या चालींना प्रश्नचिन्हं लागतात आणि मन उडतं.

साहित्याची जमवाजमव

इंजिनं दोन घ्यायची: स्टॉकफिश आणि लीला चेस झिरो. दोन्ही फुकट मिळतात, त्यामुळे पैसे वाया गेले असं म्हणायची सोय राहत नाही. स्टॉकफिश २००८पासून आहे आणि साध्या प्रोसेसरवर धावतो. लीला २०१८ची, तिला ग्राफिक्स कार्ड लागतं. मुलाने गेम खेळण्यासाठी मागितलेलं कार्ड आपण अभ्यासासाठी घेतोय, हे वाक्य आधी दोनदा म्हणून पाहावं. कार्ड नसेल तरी ती चालते, पण अशा चालीने की तुलना करणं अन्यायाचं होईल. आपल्या हेतूला तो अन्याय सोयीचा पडला तर कार्डाचा उल्लेख टाळावा.

आता पटावर ई-४, ई-५, एफ-४ एवढं मांडा. चाल काळ्याची आहे. स्टॉकफिश सुरू करा. पंखा घरघरू लागेल. पहिल्या एक-दोन सेकंदांत, कोण किती बरा हे सांगणारा आकडा उड्या मारतो आणि काळ्याची सुचवलेली चालही बदलते: प्यादं मारा, छे, डी-५ खेळा, छे, माराच. हा काळ आशेचा असतो. ज्यांना लगेच संमती हवी असेल त्यांनी इथेच स्क्रीनशॉट घेऊन थांबावं, बरेच जण थांबतात.

धीर धरलात तर आकडा उणे अर्ध्याच्या आगेमागे स्थिरावेल. उणे म्हणजे काळा बरा. पण खचू नका, कारण इथे एक सोय आहे. इंजिन स्वतः आकडा नेहमी ज्याची चाल आहे त्याच्या बाजूने सांगतं. पांढऱ्याच्या बाजूने तो उलटवून दाखवायचं काम पट दाखवणारा प्रोग्रॅम करतो, आणि काही प्रोग्रॅममध्ये ते तुमच्या हातात असतं. सेटिंग बदललं की तेच ‘उणे अर्धं’ ‘अधिक अर्धं’ होतं. पटावरची एकही सोंगटी न हलवता पांढऱ्याचा संसार सावरता येतो. मित्राला दाखवायचं असेल तर ही युक्ती पुरेशी आहे. स्पर्धेत पुरत नाही.

खोलीचा मामला

आकड्याच्या शेजारी ‘डेप्थ’ लिहिलेली असते. नवशिक्याचं घोडं इथे पेंड खातं. स्टॉकफिश सांगतो डेप्थ ४०, लीला त्याच वेळात त्याच्या निम्म्यावरही पोचलेली नसते. झालं, निकाल लागला: स्टॉकफिशने जास्त पुढचं पाहिलं!

थोडा हिशेब करून पाहा. डावाच्या सुरुवातीला पांढऱ्याकडे २० चाली असतात. काळ्याच्या २० धरल्या की ४०० शक्यता. दोघांच्या तीन-तीन चाली होईपर्यंत या वाटा ११ कोटी ९० लाख ६० हजार ३२४ होतात. ही झाली नुसती डेप्थ सहा. चाळीसपर्यंतच्या सगळ्या वाटा तपासायच्या तर तुमचा लॅपटॉपच काय, पृथ्वीवरचे सगळे लॅपटॉप मिळूनही पुरणार नाहीत. म्हणजे चाळीस हा आकडा दिसतो तेव्हा बहुतेक फांद्या वाटेतच छाटलेल्या असतात. जी चाल यादीत खाली आहे, तिच्याकडे स्टॉकफिश उथळ नजर टाकतो आणि काही विशेष दिसलं तरच परत खोल जातो. शेवटी तुमच्यासमोर ठेवली जाते ती एक लांबलचक ओळ. तिच्यातल्या पहिल्या पाच-सात चाली ऐकण्यासारख्या असतात. पुढचा भाग लग्नपत्रिकेतल्या नावांसारखा, आहे म्हणून वाचायचा.

लीलाचं शोधणंच वेगळं आहे. २०१७च्या डिसेंबरमध्ये डीपमाइंड कंपनीने आपल्या अल्फाझिरो या प्रोग्रॅमची माहिती जाहीर केली आणि त्या धर्तीवर स्वयंसेवकांनी लीला उभी केली. स्टॉकफिशशी झालेल्या सामन्यात अल्फाझिरो सेकंदाला सुमारे ८० हजार स्थिती पाहत होता, समोरचा स्टॉकफिश सुमारे ७ कोटी. तरी शंभर डावांत अल्फाझिरोने २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले आणि एकही हरला नाही. (त्या वेळच्या स्टॉकफिशवर आणि सामन्याच्या अटींवर पुष्कळ वाद झाले. तुम्हाला ज्याची बाजू घ्यायची असेल त्याप्रमाणे ते वाद आठवावेत किंवा विसरावेत.) लीलाही तशीच: थोड्या स्थिती, पण प्रत्येकीवर मोठ्या न्यूरल नेटवर्कचा विचार. नेटवर्क आधीच सांगतं की या स्थितीत कोणत्या चाली बघण्याजोग्या आहेत, आणि ती त्याच वाटांवर परत परत फेऱ्या मारते.

लीलाचा सविस्तर तक्ता उघडलात तर एक मौज दिसेल. वरच्या क्रमांकाची चाल ही सर्वांत चांगल्या आकड्याची असेलच असं नाही. ती सर्वांत जास्त फेऱ्या झालेली चाल असते. खाली एखादी चाल आकड्याने सरस दिसते, पण तिच्याकडे लीला फारशी फिरकलेलीच नसते, म्हणून त्या आकड्यावर तिचा स्वतःचाही भरवसा नसतो. नवशिका नेमकी तीच चाल उचलतो आणि ‘लीलाने लपवलेली चाल’ म्हणून क्लासमध्ये सांगतो. तुम्हीही सांगा. लोक वहीत लिहून घेतात.

तुलना आणखी शास्त्रीय करायची असेल तर स्टॉकफिश बंद करून तीच स्थिती पुन्हा लावा. प्रोसेसरचे अनेक धागे एकदम वापरत असाल तर आकडा किंचित वेगळा येतो, कधी चालही वेगळी येते. पुढच्या चार चाली खेळून मागे आलात तरी फरक पडतो, कारण मघा पाहिलेलं त्याच्या हॅशमध्ये, म्हणजे आठवणीच्या कप्प्यात, साठलेलं असतं. म्हणजे दोन इंजिनांची तुलना करण्याआधी एकाच इंजिनाची त्याच्याशीच तुलना करावी लागते. हे काम लांबतं, म्हणून सहसा कोणी करत नाही.

प्यादं म्हणजे किती

१९५०मध्ये क्लॉड शॅननने संगणकाला बुद्धिबळ कसं शिकवता येईल यावर लेख लिहिला. त्यात वजीर ९, हत्ती ५, उंट आणि घोडा ३, प्यादं १ असा हिशेब होता. शिवाय जोडप्यादी, एकटं पडलेलं प्यादं असल्या दुखण्यांना अर्ध्या-अर्ध्या प्याद्याचा दंड. तेव्हापासून आकड्याचं माप प्यादं. नवशिका म्हणून तुम्ही ‘उणे अर्धं’चा अर्थ काळ्याकडे अर्धं प्यादं जास्त असाच लावणार, आणि मग पटावर ते अर्धं प्यादं शोधणार.

ते सापडणार नाही. २०२०मध्ये स्टॉकफिशमध्येही न्यूरल नेटवर्क आलं, लहानसं, प्रोसेसरवर भराभर चालणारं. पुढे डिसेंबर २०२२च्या १५.१ आवृत्तीपासून आकड्याचं मापच बदललं. आता अधिक १ म्हणजे, हाच स्टॉकफिश स्वतःशी खेळत बसला तर अशा स्थितीतून निम्मे डाव जिंकेल. लीला तर मुळात जिंकणं, बरोबरी आणि हरणं यांचेच अंदाज बांधते. माणसांना सवय आहे म्हणून एका सूत्राने त्यांची प्यादी करून दाखवते, आणि ते सूत्रही मधल्या काळात बदललेलं आहे. दोघांच्याही पडद्यावर प्यादी दिसतात, मोजत मात्र कोणीच नाही. तेव्हा एकाचे ‘उणे ०.५’ आणि दुसरीचे ‘उणे ०.४’ शेजारी ठेवून ‘लीला किंग्ज गॅम्बिटबद्दल जरा सहानुभूती बाळगते’ असा निष्कर्ष काढणं चूक आहे. पण वाक्य चांगलं आहे, ठेवून द्या.

ज्यांना खरंच काही पाहायचं असेल त्यांनी दोन्हीकडे जय, बरोबरी, पराजय यांचे अंदाज दाखवणारं सेटिंग चालू करावं. मग कळतं की त्या भयंकर ‘उणे अर्ध्या’त सर्वांत मोठा वाटा बरोबरीचाच आहे. तुमचं आवडतं ओपनिंग म्हणजे दिवाळखोरी नव्हे, थोडं कर्ज आहे. माझ्या मते या सगळ्या उद्योगात उपयोगाची बाब एवढीच. म्हणूनच ती बहुधा पाहिली जात नाही.

आणि दोन्ही इंजिनांचं एकमत झालं तर? ‘दोन स्वतंत्र तज्ज्ञांनी सांगितलं’ असं म्हणायला जाल, तर जरा थांबा. स्टॉकफिशच्या नेटवर्कची शिकवणी बऱ्याच अंशी लीलाच्या खेळातून मिळालेल्या माहितीवर झाली आहे. विद्यार्थी बाईंच्या वहीतून शिकला, मग पेपरात दोघांचं उत्तर सारखं आलं तर नवल ते काय? मतभेद झाला तर मात्र लक्ष द्या. तिथे पटावर काहीतरी गुंतागुंत असते.

निकाल आधीही लागले आहेत

इंजिनांनी नाही म्हटल्यावर माणसांकडे वळण्याची पद्धत आहे, तीही करून पाहू. १९६०मध्ये मार देल प्लाता इथे स्पास्कीने किंग्ज गॅम्बिट खेळून फिशरला हरवलं. फिशरने १९६१मध्ये लेख लिहून हे ओपनिंग कायमचं निकालात काढल्याचं जाहीर केलं. त्याचा उपाय असा की प्यादं मारायचं, पांढऱ्याचा घोडा एफ-३ला आला की डी-६ खेळायचं, म्हणजे त्या घोड्याला ई-५चं घर मिळत नाही आणि मग मारलेलं प्यादं सावकाश राखता येतं. उपाय चांगला आहे, आजही खेळला जातो. पण १९६३-६४च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत लॅरी इव्हान्ससमोर पांढऱ्याकडून किंग्ज गॅम्बिट कोण खेळलं? फिशरच. घोड्याऐवजी उंट सी-४ला काढला आणि डाव जिंकला. ती स्पर्धा त्याने अकरापैकी अकरा गुणांनी मारली, हेही ध्यानात घ्यावं. त्या फॉर्ममध्ये तो काहीही खेळला असता.

२०१२च्या एप्रिलच्या सुरुवातीला रिब्का इंजिनाचा कर्ता वासिक राजलिख याची मुलाखत चेसबेसवर आली. त्यात दावा असा: प्रचंड संगणकबळ लावून किंग्ज गॅम्बिट पूर्ण सोडवला आहे, काळ्याने प्यादं मारल्यावर पांढऱ्याची एकच चाल बरोबरी राखते, उंट ई-२, बाकी सगळ्या हरतात. मुलाखतीतला तपशील इतका चोख होता की जाणत्यांनीही माना डोलावल्या. काही दिवसांनी कळलं की हा एप्रिल फूल होता. मी नवशिक्यांना ती मुलाखत आवर्जून वाचायला सांगतो. आकडा, खोली आणि ठाम सूर एवढ्या भांडवलावर आपण काय काय गिळतो, ते तिथे दिसतं. शिवाय उंट ई-२ ही चाल खेळायला वाईट नाही. समोरचा गोंधळतो.

आता शनिवारची स्पर्धा. फोन आत नेता येत नाही, इंजिन घरी. दोन्ही इंजिनांनी नकार दिला असल्यामुळे तुम्ही शहाणपणाने ठरवता की किंग्ज गॅम्बिट आपण खेळायचा नाही, काळ्याकडून हाणून पाडायचा. फिशरची डी-६ पाठ आहे, त्यापुढच्या चौदा चाली पाठ आहेत, लीलाची लपवलेली चालसुद्धा कागदावर आहे. समोर चौथीतला मुलगा बसतो, ई-४ खेळतो, तुम्ही ई-५. तो घोडा एफ-३ला काढतो, कारण त्याच्या क्लासमध्ये तेवढंच शिकवलं आहे. घरी आल्यावर ही स्थिती मांडा, दोन्ही इंजिनं लावा, आणि या वेळी हॅश जरा वाढवून घ्या.